लढाईतल्या बटालियनचा फोन: ईई-८ ची लाईन टाकायची कशी आणि जिवंत ठेवायची कशी

सगळ्यात आधी सांगतो, फोन उघडू नका. ईई-८ ची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन फील्ड फोनची, जोडी घरी आली, सेल टाकले, वायर जोडली आणि पलीकडून काही ऐकू आलं नाही की आपला पहिला हात स्क्रूड्रायव्हरकडे जातो. माझाही गेला होता, आणि दोन तास दोन्ही फोनची आतडी टेबलावर पसरून बसल्यावर कळलं की फोन दोन्ही ठणठणीत आहेत, मीच मारलेला सांधा शॉर्ट होता. माझा मामा आर्मीत सिग्नल्समध्ये लाईनमन होता, गोव्याच्या ट्रेनिंग सेंटरला शिकलेला. त्याला व्हिडिओ कॉलवर हा पसारा दाखवला तर म्हणाला, "लाईन चालून आलास का? नाही ना? मग सेटला कशाला हात लावलास?"

तर हे सगळं त्या एका वाक्याभोवती आहे. मी ओहायोत राहतो, आमचा एक ग्रुप आहे, वीकएंडला आम्ही १९४४ सालच्या अमेरिकन इन्फन्ट्री बटालियनचा कम्युनिकेशन प्लाटून उभा करतो, म्हणजे तंबू, स्विचबोर्ड, फोन, खऱ्याखुऱ्या वायरी, आणि बघायला आलेल्या पोरांना हँडल फिरवू देतो. ग्रुपमध्ये मराठी मी एकटाच, पण गेल्या वर्षभरात इकडच्या तीन-चार मराठी मित्रांनी "आम्हालापण सुरू करायचंय, कुठून करू" असं विचारलं, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

सुरुवात फोनपासूनच करा, रेडिओपासून नको. सगळ्यांना पाठीवरचा एससीआर-३०० हवा असतो, तो दिसतोच तसा, पण तो ४० ते ४८ मेगाहर्ट्झवर चालतो आणि तिथे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, बँडच नाही, त्यामुळे हॅम लायसन्स असलं तरी त्यावर ट्रान्समिट करता येत नाही. हातातला एससीआर-५३६ साडेतीन ते सहा मेगाहर्ट्झचा, त्यात योग्य क्रिस्टल (फ्रिक्वेन्सी ठरवणारा) टाकून लायसन्सवाला माणूस हॅमच्या ८० मीटर बँडवर बोलू शकतो, पण क्रिस्टल शोधण्यात वर्ष जातं. फोनला यातलं काहीच लागत नाही, दोन सेट, दोन तारा, चार मोठे सेल, झालं. आणि खरं सांगायचं तर त्या काळातही बटालियनचा रोजचा कारभार तारेवरच चालायचा. हल्ला सुरू असला, कंपन्या पुढे सरकत असल्या की रेडिओ. एका जागी थांबलं की लगेच वायर. कारण रेडिओ शत्रू ऐकतो, बॅटरी संपते, डोंगर आड येतो. वायरला फक्त तुटणं माहीत.

आता सेट. ईई-८ म्हणजे चामड्याच्या पिशवीतला फोन (नंतरचे कॅनव्हासमध्येही मिळतात), आत दोन बीए-३० सेल, म्हणजे आपले टॉर्चमधले जाडे डी सेल, दीड-दीड व्होल्टचे. बोलणं या तीन व्होल्टवर चालतं. घंटी वाजवायला बाजूचं हँडल, ते आतला मॅग्नेटो (छोटा जनरेटर) फिरवतं आणि त्यातून ८०-९० व्होल्ट एसी निघतात, म्हणून कोणी हँडल फिरवत असताना टर्मिनलवर बोट ठेवू नका, मरणार नाही पण शिवी नक्की निघेल, आणि पोरं समोर असतात.

सेट घरी आल्यावर माझा क्रम असा. आधी सेलचा कप्पा. जुना सेल आत फुटून पांढरी-हिरवी बुरशी जमली असेल तर ती कशाची आहे ते बघा. जुन्या झिंक-कार्बन सेलची घाण आम्लाची असते, तिला खायच्या सोड्याचं पाणी, अल्कलाईन सेल फुटला असेल तर उलट, तिथे व्हिनेगर. कापसाच्या काडीने, थोडं थोडं, मग स्वच्छ पाणी, मग पूर्ण वाळवायचं. पत्र्याच्या स्प्रिंगा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा. नव्वद टक्के "डेड" म्हणून विकलेले सेट माझ्या अनुभवात इथेच जिवंत होतात.

मग एलबी-सीबीचा स्क्रू बघा. एलबी म्हणजे सेटमधले स्वतःचे सेल, सीबी म्हणजे एक्सचेंजकडून येणारी बॅटरी. फील्डमध्ये एलबीच. आधीच्या मालकाने तो सीबीवर ठेवलेला असतो आणि आपण डोकं धरून बसतो.

मग मॅग्नेटोची टेस्ट, ही मला सगळ्यात आवडते कारण हिला मीटर लागत नाही, मनगट लागतं. एल१ आणि एल२, म्हणजे लाईन जोडायची दोन टर्मिनल, मोकळी ठेवून हँडल फिरवा, भुर्रकन फिरेल. आता दोन्ही टर्मिनल एका तारेच्या तुकड्याने जोडा आणि फिरवा, हँडल जड लागेल, चिखलातून सायकल काढल्यासारखं. हलकं-जड हा फरक जाणवला की मॅग्नेटो बरा आहे. हा फरक हातात बसवून घ्या, पुढे तीन किलोमीटर लांबची लाईन तुम्ही याच मनगटाने तपासणार आहात.

शेवटी हँडसेट. दांड्यावरचं बटण दाबा आणि माऊथपीसमध्ये फुंका, स्वतःच्या कानात फूं ऐकू आलं पाहिजे. आवाज खरखरीत किंवा अगदी मंद असेल तर आतल्या कार्बनचे दाणे दमटपणाने एकमेकांना चिकटलेले असतात, हँडसेट हातावर हलकेच आपटा, गोल फिरवून परत आपटा, बहुतेक वेळा सुटतात. बटण न दाबता बोलणारे लोक वेगळेच, त्यांना दहा वेळा सांगितलं तरी ते तसेच "हॅलो हॅलो" करत बसतात.

इथपर्यंत जमलं तर सेटचं काम संपलं. खरंच संपलं. आता वायर.

तेव्हाची मुख्य वायर डब्ल्यू-११०-बी. पीळ घातलेली जोडी, प्रत्येक तारेत काही धागे तांब्याचे आणि काही स्टीलचे, तांबं करंटसाठी आणि स्टील ओढ सोसायला. एका मैलाचं वजन साधारण १३० पौंड, म्हणजे ५९ किलो. हे रीळ दोन माणसं मधे दांडा घालून पळत नेतात असं फोटोत दिसतं, आम्ही एकदा करून पाहिलं, पळणं सोडाच. म्हणून पुढच्या कंपन्यांसाठी डब्ल्यू-१३० नावाची बारीक वायर होती, मैलाला ३० पौंडांच्या आसपास, पाव मैलाचं छोटं रीळ एक माणूस हातात धरून सरपटत जाऊ शकतो. हलकी, पण नाजूक आणि आवाज लांब पोचत नाही. आज या दोन्ही चांगल्या अवस्थेत मिळणं कठीण, रबर कडक होऊन तुकडे पडतात. आम्ही युद्धानंतरची डब्ल्यूडी-१ वापरतो, चार धागे तांब्याचे, तीन स्टीलचे, सरप्लसमध्ये मिळते. काही मंडळी नाकं मुरडतात, मुरडू देत. एक मात्र, तिचे स्टीलचे धागे बोटात सुईसारखे घुसतात, छिलताना हातमोजा घाला.

टाकायच्या आधी रीळ तपासा. हा नियम आम्ही मोडला आणि पाऊण मैल वायर टाकून झाल्यावर कळलं की आतच कुठेतरी तुटलीय. रिळाचं एक टोक फोनला, दुसरं टोक मोकळं, हँडल फिरवा: हलकं लागलं पाहिजे. जड लागलं तर आत कुठेतरी दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. मग दुसऱ्या टोकाच्या दोन तारा एकत्र पिळा आणि परत फिरवा: आता जड लागलं पाहिजे. हलकंच राहिलं तर तार तुटलेली. दोन मिनिटांचं काम आहे.

कुणी कुणाकडे लाईन टाकायची याचा नियम पक्का होता, वरचा खालच्याकडे टाकणार, म्हणजे रेजिमेंट बटालियनकडे, बटालियन कंपनीकडे. मदत देणारा मदत घेणाऱ्याकडे, म्हणजे तोफखानावाले स्वतःची वायर घेऊन इन्फन्ट्रीकडे येणार. शेजारच्याकडे डावीकडून उजवीकडे. वाचताना सरकारी वाटतं, पण यामुळे "मला वाटलं तू टाकशील" हा प्रकारच उरत नाही. आमच्या ग्रुपमध्ये हा नियम लागू करायच्या आधी दोन तंबूंच्या मधे तीन लाईनी आणि चौथ्या तंबूकडे एकही नाही असं झालेलं आहे.

टाकताना ताणू नका. नवीन माणूस वायर धुण्याच्या दोरीसारखी खेचतो, दिसायला छान दिसतं, मग रात्री गारठा पडतो किंवा कुणाचा पाय अडकतो आणि सांधा सुटतो. अंतराच्या दहा-वीस टक्के जास्त वायर जमिनीवर ढिली पडू द्या. सुरुवातीला आणि शेवटी खुंटीला किंवा झाडाला बांधा, म्हणजे ओढ बसली तर ती झाडाला बसेल, फोनच्या टर्मिनलला नाही. रस्ता ओलांडायचा असेल तर दोनच मार्ग, झाडावरून किंवा खांबावरून ट्रकला लागणार नाही इतक्या उंच न्या, नाहीतर चर खणून पुरा आणि दोन्ही बाजूंना बांधा. शक्य असेल तर नाल्याच्या पुलाखालून न्या, सगळ्यात उत्तम. रस्त्याच्या कडेकडेने अजिबात नको, रणगाडे आणि ट्रक वळताना कडेवरच येतात. शत्रूच्या गोळ्यांनी वायर तुटायची तशी आपल्याच रणगाड्यांच्या पट्ट्यांनीही तुटायची, यावर वायरवाले आणि रणगाडेवाले यांची भांडणं लागायची. आमच्याकडे रणगाडा नाही, पार्किंगमधला एक पिकअप पुरतो.

आणि टॅग. प्रत्येक लाईनच्या दोन्ही टोकांना, रस्ता ओलांडला त्याच्या अलीकडे-पलीकडे, आणि जिथे दुसरी लाईन जवळ येते तिथे. युद्धात एका चौकात वीस-तीस वायरी एकत्र जायच्या, चिखलात सगळ्या एकाच रंगाच्या, त्यात रात्री आपली कोणती हे हाताने ओळखायचं असायचं. म्हणून टॅगला खाचा पाडा किंवा दोऱ्याला गाठी मारा, बोटाला कळतील अशा. नुसतं पेनाने लिहून चालत नाही.

आता सांधा. सगळा जीव इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

दोन्ही वायरींची टोकं घ्या, प्रत्येकात दोन तारा. प्रत्येक बाजूची एक तार पक्कडभर लांबीने आखूड कापा, आणि जोडताना एकीकडची आखूड दुसरीकडच्या लांब तारेला जोडा. असं केलं की दोन सांधे शेजारी-शेजारी येत नाहीत, एक इथे आणि दुसरा वीतभर पुढे. मी सुरुवातीला सांगितलेला माझा शॉर्ट झालेला सांधा हाच, मी दोन्ही तारा एकाच जागी जोडल्या होत्या, वर टेप मस्त गुंडाळली होती, आणि आत एक स्टीलचा धागा शेजारच्यात घुसून बसला होता. बाहेरून बघाल तर काय सुबक काम.

टोकाचं इन्सुलेशन सहा इंच काढा, चाकू तिरका धरून पेन्सिल तासतो तसं, आडवा गोल कापू नका, धागे कापले जातात. मग चौकोनी गाठ, स्काऊटमध्ये शिकवतात ती, उजवी डावीवर मग डावी उजवीवर. दोन्ही वेळा उजवीच वर घेतली तर ती दुसरी गाठ होते, ओढ आली की सरकते. गाठ घट्ट करा पण गाठ आणि इन्सुलेशन यांच्यात पाव इंच उघडी तार राहू द्या. आता उरलेल्या शेपटीतले स्टीलचे आणि तांब्याचे धागे वेगळे करा, स्टीलचे गाठीजवळ कापून टाका (ओढ आता गाठीवर आहे, यांचं काम झालं), आणि तांब्याचे धागे गाठीवरून पलीकडे नेऊन उघड्या तारेवर घट्ट गुंडाळा, शेवटचे एक-दोन वेढे इन्सुलेशनवर चढू द्या. मग आधी रबराची टेप, ताणून, दोन्हीकडे इन्सुलेशनवर चांगली चढवून, आणि तिच्यावर काळी कापडी टेप. मग दोन्ही हातात धरून ओढा. हलकेच नाही, खरंच ओढा. मामा व्हिडिओ कॉलवर दर वेळी हेच करायला लावतो, आणि त्याच्यासमोर दोनदा माझा सांधा सुटलेला आहे, तेव्हा तो काही बोलत नाही, नुसता चहा पितो, ते जास्त लागतं.

हे दिवसा टेबलावर जमलं की अंधारात करा. आम्ही तंबूत दिवा घालवतो, हातात वायर, पक्कड, चाकू, टेप, आणि समोरच्याने मोजायचं. कारण तेव्हाच्या लाईनमनला दिवा लावायची सोयच नव्हती, तोफांचा मारा रात्री व्हायचा आणि तुटलेली वायर रात्रीच जोडायला लागायची. पहिल्यांदा मला अकरा मिनिटं लागली आणि गाठ चुकीची होती. आता चारमध्ये होतो. वेगापेक्षा चाकू कुठे ठेवला ते आठवणं महत्त्वाचं, मी तो दोरीने पट्ट्याला बांधतो.

लाईन गेली की काय करायचं. स्विचबोर्डवर, आमच्याकडे सहा लाईनचा बीडी-७१ आहे, ज्याच्यावर घंटी आली की छोटं शटर खाली पडतं, तिथला ऑपरेटर थोड्या थोड्या वेळाने प्रत्येक लाईन वाजवून बघतो. उत्तर नाही आलं की आधी हँडलचं वजन: जड म्हणजे शॉर्ट, अगदी हलकं म्हणजे तुटलीय. एवढं कळलं की लाईन पार्टी निघते, दोघंजण, एक फोन, पक्कड, टेप, आणि वायरचा सुटा तुकडा. तो तुकडा विसरू नका, तोफगोळ्याने वायर नुसती तुटत नाही, मधला भागच गायब होतो, मग तुकडा घालून दोन सांधे मारावे लागतात. वायर हातातून सरकवत चालायचं, डोळ्यांनी नाही, हाताने. मधे-मधे फोन जोडून मागे वाजवायचं, मागचा बोलला म्हणजे बिघाड पुढे आहे. पहिलं तुटलेलं सापडून जोडलं की लगेच परत येऊ नका. दोन्ही बाजूंना वाजवून बघा, कारण माऱ्यात एका लाईनला चार ठिकाणी तुटायची सवय असते. आणि टोकं फाटलेली नसून चाकूने कापल्यासारखी स्वच्छ असली तर लाईनमन आधी वाकायचा नाही, आधी आजूबाजूला बघायचा, वायर कापून दुरुस्तीला येणाऱ्यांची वाट बघत बसलेला शत्रू ही खरी भीती होती. दोघं पाठवायचे ते म्हणूनच, एक जोडतो, एक बंदूक घेऊन उभा.

बोलण्याबद्दल थोडक्यात. रेजिमेंटच्या तीन बटालियनना रेड, व्हाईट, ब्लू म्हणायचे, अनुक्रमे पहिली, दुसरी, तिसरी. अक्षरं सांगताना एबल, बेकर, चार्ली, डॉग, ईझी, फॉक्स. आपल्या तोंडात अल्फा-ब्राव्हो बसलेलं असतं, ते १९५६ नंतरचं, १९४४ च्या तंबूत कुणी "एको कंपनी" म्हणालं की आमचा एक म्हातारा सभासद डोळे मिटून घेतो. बोलणं संपलं की परत थोडं हँडल फिरवा, त्याशिवाय ऑपरेटरला कळत नाही की स्विचबोर्डवरची तुमची कॉर्ड काढायची.

अजून एक, मराठी मित्र हमखास विचारतात: आपल्याला मराठा लाईट इन्फन्ट्री करायची असेल तर? करा की, पण टेबलावर ईई-८ ठेवू नका. त्यांच्या पलटणी इटलीत आठव्या आणि दहाव्या इंडियन डिव्हिजनमधून लढल्या, सामान ब्रिटिश पद्धतीचं, म्हणजे डी मार्क पाच किंवा एफ जातीचा टेलिफोन आणि पाठीवर १८ नंबरचा वायरलेस सेट. आणि सोबत रनर दाखवा, चिठ्ठी घेऊन पळणारा, कारण वायर आणि रेडिओ दोन्ही गेले की तोच उरतो. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर केलेल्या कामगिरीसाठी ज्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ते १/५ मराठाचे (पाचव्या मराठा रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे) शिपाई नामदेव जाधव कंपनीचे रनरच होते. सोबतचे पडले किंवा जखमी झाले, तेव्हा त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून मागे आणलं आणि मग एकट्याने तीन मशिनगन पोस्ट संपवल्या. आमच्या इथल्या गोऱ्या सभासदांना हे मी सांगितलं तेव्हा पुढच्या कार्यक्रमात रनरच्या कामाला पहिल्यांदा कुणीतरी स्वतःहून हात वर केला.

कार्यक्रम संपल्यावरचं काम कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. वायर गुंडाळताना रीळ फिरवणाऱ्याच्या पुढे एक माणूस जुन्या कापडातून वायर ओढत चालतो, चिखल पुसला जातो आणि सोललेली जागा बोटाला लागते, तिथे थांबून टेप मारायची, "घरी गेल्यावर बघू" नाही. प्रत्येक रिळाला चिठ्ठी: किती वायर, किती सांधे, कधी तपासलं. सांधे फार झालेले रीळ तंबूंच्या मधल्या छोट्या लाईनींना वापरायचं, लांबच्या लाईनीला नाही. चामड्याची पिशवी ओली असेल तर सावलीत वाळवा, उन्हात ठेवली की तडकते, पॅसिफिकच्या जंगलात तर बुरशीने इतका त्रास दिला की उपकरणांना आतून बुरशीरोधक व्हार्निश मारून वर एमएफपी असा शिक्का मारायचे, तुमच्या सेटवर तो दिसला तर पुसू नका. आणि सेल. सेल बाहेर काढून, वेगळ्या डब्यात. मी हे लिहायच्या आधी माझे तपासले, चारपैकी एक फोनमध्येच राहिला होता.